हिवाळ्याचा पाऊस कोणत्या वादळाने आणला? प्रकल्प नोंदी, डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५

२ डिसेंबर २०२४

फेंजल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरच्या रात्री पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं आणि तिथून हलेचना. विळुप्पुरम जिल्ह्यातल्या मैलमला चोवीस तासांत ५१ सेंटीमीटर पाऊस झाला. तामिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत मिळून सरासरी ४४ सेंटीमीटर मिळतो. म्हणजे हंगामाचा सगळा पाऊस एका गावावर एका दिवसात, आणि वर आणखी.

इकडे पुण्यात गेल्या आठवड्यात चांगली कडाक्याची थंडी होती, ती ओसरली. आभाळ भरलंय, हवा दमट. फेंजलचे अवशेष अजून तामिळनाडू-कर्नाटकाच्या अंतर्भागात आहेत, पण त्यांनी पूर्वेकडून ढकललेलं बाष्प इथवर पोचलंय.

बरेच महिने मनात असलेलं काम आजपासून सुरू करते. हिवाळ्यात पाऊस पाडणाऱ्या प्रत्येक ठळक वादळासाठी एक पान करायचं. वादळ कुठून आलं, कोणत्या वाटेने गेलं, वरच्या थरातल्या वाऱ्यांचा बाक (ट्रफ) दक्षिणेकडे किती उतरला, बाष्प कोणत्या समुद्राचं होतं आणि पाऊस कुठे पडला, हे सगळं एका नजरेत दिसायला हवं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाऊस झाला की बातमीत नुकसानीचे पंचनामे येतात. ते यायलाच हवेत. पण तो पाऊस आला कसा, हे क्वचितच कोणी सांगतं, आणि शेतकऱ्याला पुढच्या वेळी उपयोगी पडेल ती माहिती नेमकी तीच असते.

माझं म्हणणं आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे ते पारखता येईल: हिवाळी पावसाची बेरीज ऋतू करत नाही, मोजकी वादळं करतात. त्यामुळे वादळं किती आली यापेक्षा ती कशी आली हे जास्त महत्त्वाचं.

५ डिसेंबर

आकडे कुठून घ्यायचे ते ठरलं. पावसासाठी भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा दैनंदिन जाळीदार संच: पाव अंशाचे चौकोन, १९०१ पासूनचा पाऊस, अक्षांशावर १२९ आणि रेखांशावर १३५ ओळी. जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९. हे कार्यालय शिवाजीनगरला. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, त्यामुळे त्या चौकाला अजून सगळे सिमला ऑफिसच म्हणतात. पावसाच्या फाइली उघडायला पायथॉन या संगणकभाषेतलं आयएमडीलिब पुरेसं आहे.

वाऱ्यांसाठी आणि बाष्पासाठी युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ हा पुनर्विश्लेषण संच, म्हणजे नोंदी आणि संगणकी प्रारूप जुळवून तयार केलेले आकडे. तो तासातासाचा आहे आणि ताजे आकडे साधारण पाच दिवसांनी मिळतात.

दोन्ही संच एकमेकांवर बसवण्याआधी दिवसाची व्याख्या पक्की करायला हवी. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि आधीच्या चोवीस तासांत जे साठलं ते त्या सकाळच्या तारखेला लिहितात. सकाळी साडेआठ म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटेचे तीन. म्हणून ईआरए-५ मधले तास आदल्या दिवशीच्या तीनपासून आजच्या तीनपर्यंत जोडायचे, मध्यरात्र ते मध्यरात्र नाही. उत्तर भारतात हिवाळी पाऊस आणणारी वादळं पश्चिमेकडून येतात आणि दिवसाला हजारेक किलोमीटर सहज कापतात. एका दिवसाची गल्लत झाली तर पाऊस लाहोरजवळच्या ट्रफचा की डेहराडूनजवळच्या, हेच कळणार नाही.

डोंगरातल्या आकड्यांबद्दल प्रत्येक पानावर एक ओळ टाकणार आहे. काश्मीर, लाहौल, लडाख या भागांत मापकं विरळ आहेत आणि वाऱ्यात भिरभिरणारा बर्फ मापकात पुरता पडतही नाही. तिथला आकडा म्हणजे किमान एवढं पडलं असं वाचायचं.

९ डिसेंबर

पहिलं कोरं पान तयार झालं. तीन थर घेतले आहेत. वर ५०० हेक्टोपास्कलची उंची (हवेचा दाब एवढा असतो तो वरचा थर), मध्ये ८५० हेक्टोपास्कलवरचे, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवरचे, वारे आणि बाष्प, खाली तीन दिवसांचा पाऊस. ईआरए-५ उंची थेट देत नाही, भूविभव (उंची गुणिले गुरुत्वाकर्षण) देतो, त्याला ९.८०६६५ ने भागलं की मीटर मिळतात. हिवाळ्यात हा थर काश्मीरवर साधारण ५,६०० मीटरवर असतो आणि महाराष्ट्रावर ५,८०० च्या वर. उतार उत्तरेकडे आहे आणि त्या उताराला धरून पश्चिमेचे वारे वाहतात.

वाचणाऱ्यांसाठी पानामागे चार ओळींचा खुलासा लागणार. तो इथेच लिहून बघते.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकला की उपोष्ण जेट प्रवाह, म्हणजे वेगवान पश्चिमी वाऱ्यांचा अरुंद पट्टा, हिमालयाच्या दक्षिणेला येतो. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटरवर, उत्तर भारताच्या डोक्यावर. हा प्रवाह सरळ रेषेत वाहत नाही, सपाटीवरच्या नदीसारखा वळणं घेत जातो. दक्षिणेकडे उतरलेलं वळण म्हणजे ट्रफ. भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन या पट्ट्यात तयार झालेली वादळं याच प्रवाहाबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. हेच पश्चिमी चक्रावात. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याला चार-पाच तरी येतातच. ट्रफच्या पूर्वेच्या बाजूला वरची हवा पांगते, ती जागा भरायला खालची हवा वर चढते आणि ढग बनतात. पश्चिमेच्या बाजूला हवा खाली बसते, आकाश निवळतं आणि कोरडे वायव्य वारे सुटतात. ट्रफ येण्याआधी रात्री उबदार, तो गेल्यावर कडाका, असं का होतं ते यातून लगेच कळतं. महाराष्ट्रात हुडहुडी भरते तीही बहुतेकदा असा एखादा चक्रावात उत्तरेतून पुढे गेल्यावरच.

भूमध्य समुद्रातून निघालेलं सगळंच पाणी इथवर येत नाही. वाटेत इराणचं पठार आणि अफगाण डोंगर त्यातलं बरंच काढून घेतात. भारताजवळ आल्यावर या वादळाला अरबी समुद्राचं ताजं बाष्प मिळालं तरच जोरदार पाऊस होतो. ट्रफच्या पुढ्यात राजस्थान किंवा पाकिस्तानी पंजाबवर जमिनीलगत चक्राकार वारे तयार होतात आणि ते नैर्ऋत्येकडून बाष्प खेचतात. पीर पंजाल आणि धौलाधार या डोंगररांगांच्या भिंतींवर ते चढलं की बर्फ.

१४ डिसेंबर

पहिलं भरलेलं पान: १ आणि २ डिसेंबर २०२१.

हे मुद्दाम आधी घेतलं, कारण यात दोन्ही बाजू दिसतात. महाराष्ट्र किनाऱ्यालगत अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतं, आणि त्याच वेळी वरच्या थरात पश्चिमी वाऱ्यांचा ट्रफ बराच दक्षिणेला उतरलेला. खालून समुद्राचा ओलावा, वरून त्याला उचलणारा ट्रफ. कोकण, मुंबई, पुणे, नाशिक, नगर सगळीकडे संततधार लागली. डिसेंबरमध्ये आषाढासारखी झड, आणि सोबत झोंबणारा गार वारा.

त्या दोन दिवसांत पुणे, नगर आणि नाशिक जिल्ह्यांत मेंढ्या गारठून मेल्या, शेकड्यांनी. हिवाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन शेतांमध्ये उतरतात, रात्री उघड्या रानात वाडा बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं. मेंढीची लोकर कोरड्या थंडीत तिला सांभाळते. पण लोकर चिंब भिजली आणि वारा थांबला नाही तर तीच ओली लोकर अंगाची ऊब शोषून घेते. कोकरं आधी गेली. पावसाचा आकडा एकटा पाहिला तर ही हानी त्यात दिसत नाही. म्हणून पानावर पावसाशेजारी दिवसाचं कमाल तापमान आणि वाऱ्याचा वेग हे दोन रकाने वाढवले.

२१ डिसेंबर

आजपासून काश्मीरमध्ये चिल्लई कलान. कडक थंडीचे चाळीस दिवस, मग वीस दिवसांचं चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. बाकी बहुतेक भारताच्या शेतीचं घड्याळ जून-सप्टेंबरवर चालतं. काश्मीर खोऱ्याचं या दिवसांवर. तिथला वर्षाचा बहुतांश पाऊस-बर्फ हिवाळा आणि वसंतातला, मार्च तर सगळ्यात ओला. झेलम आणि चिनाबला उन्हाळ्यात पाणी देणारा बर्फ आत्ता साठायला हवा. जानेवारीच्या गारठ्यात पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि टिकतो, मार्चमधला लवकर वितळून वाहून जातो. म्हणून तिथे पाऊस किती याच्याइतकंच तो कधी हे महत्त्वाचं.

खाली पंजाब, हरियाणा, राजस्थानात याच चक्रावातांच्या हलक्या सरी गव्हाला आणि मोहरीला सोन्यासारख्या असतात. राजस्थानात त्यांना मावठ म्हणतात आणि शेतकरी त्यांची वाट बघतात. तोच पाऊस नाशिकच्या द्राक्षबागेवर आला तर घात. एकाच वादळाची दोन टोकं, आणि दोन्हीकडे पोटाचाच प्रश्न.

२८ डिसेंबर

मोठा चक्रावात आला. काश्मीर खोऱ्यात जोरदार बर्फवृष्टी, महामार्ग बंद, पर्यटक अडकले. दिल्लीत आज सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत ४१.२ मिलिमीटर, डिसेंबरमधल्या एका दिवसाचा १०१ वर्षांतला सर्वाधिक. हवामान विभागाने उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्यालाही वादळी पाऊस आणि गारपिटीचा इशारा दिला होता, आणि काल खानदेशाच्या बाजूला सरी झाल्या.

ईआरए-५ चे आकडे यायला अजून चार-पाच दिवस लागतील, पण उपग्रहचित्रावरूनच बरंच दिसतंय. अरबी समुद्रातून गुजरात, राजस्थानवरून तिरका निघालेला ढगांचा लांब पट्टा थेट हिमालयापर्यंत.

३ जानेवारी २०२५

२७ डिसेंबरच्या चक्रावाताचं पान झालं. दिल्लीचा आकडा तारखेप्रमाणे २८ च्या नावावर आहे, पण त्यातला मोठा वाटा २७ ला दिवसभर पडलेल्या पावसाचा. ५ डिसेंबरला ठरवलेली तीन ते तीनची मोजणी इथे चपखल बसली. ट्रफ पश्चिमेला आणि पाऊस त्याच्या पुढच्या अंगाला, पुस्तकात असतं तसं.

या पानावर लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे मधल्या पट्ट्यातले वारे. बहुतेक चक्रावातांत राजस्थानच्या दक्षिणेला फारसं काही घडत नाही. या वेळी ८५० हेक्टोपास्कलवर बंगालच्या उपसागराकडून आलेले आग्नेय वारे मध्य भारतापर्यंत घुसले होते आणि पश्चिमेकडून आलेल्या कोरड्या वाऱ्यांना तिथे भिडले. मध्य प्रदेश, विदर्भ, खानदेश इथला हिवाळी पाऊस बहुतांशी या भिडण्यातून होतो. उपसागरावर उच्च दाबाचं क्षेत्र बसलं की त्याच्या पश्चिमेच्या कडेने हे ओले वारे वर चढतात. म्हणून नागपूरकरांना हिवाळ्यात पाऊस येणार का हे पाहायचं तर पश्चिमेचा ट्रफ एकटा पाहून भागत नाही, पूर्वेकडचा उच्च दाबही पाहावा लागतो.

पानावर आता दोन रंगांचे बाण: अरबी समुद्राचं बाष्प निळं, उपसागराचं हिरवं.

८ जानेवारी

हवामान विभागाने १ तारखेला अंदाज दिलाय: जानेवारी ते मार्च या काळात उत्तर भारतातल्या सात उपविभागांत सरासरीपेक्षा कमी पाऊस, ८६ टक्क्यांहून कमी. या भागाची तीन महिन्यांची सरासरी १८४.३ मिलिमीटर. प्रशांत महासागराचं मधलं पाणी नेहमीपेक्षा गार आहे, म्हणजे सौम्य ला निनासारखी स्थिती. ते पाणी गरम असतं त्या एल निनोच्या हिवाळ्यात जेट प्रवाह जरा जास्त जोमदार असतो आणि वायव्य भारतात पाऊस-बर्फ वाढण्याकडे कल असतो, ला निनात उलट. पण हा कलच. गेल्या वर्षी एल निनो जोरात असूनही जानेवारी २०२४ कोरडाठाक गेला, गुलमर्गच्या उतारांवर ऐन हंगामात गवत दिसत होतं. प्रशांत महासागर हंगामाचा झुकाव सांगतो. एखाद्या आठवड्यातला ट्रफ कुठे वळेल ते नाही.

१५ जानेवारी

२६ नोव्हेंबर २०२३ चं पान. त्या दिवशी गुजरातेत विजा पडून वीसहून अधिक माणसं दगावली आणि निफाड परिसरात गारांनी बागा झोडपल्या. ईशान्य अरबी समुद्र आणि सौराष्ट्रावर चक्राकार वारे, पूर्वेकडून येणारा ओलावा आणि वरून आलेला पश्चिमी ट्रफ, तिन्ही एकाच दिवशी एकत्र.

निफाडला माझा आतेभाऊ द्राक्ष करतो. पान त्याला पाठवलं आणि फोन केला.

"दादा, चित्र कळतंय का?"

"चित्र कळतं गं. त्या दिवशी बाग फुलोऱ्यातून मण्यावर येत होती. गारेने काड्या फोडल्या, पानं चाळणी झाली. उरलेल्या घडांत पाणी बसलं, पुढे कूज आणि डाऊनी बुरशी. औषधावर औषध मारलं. आता मला सांग, हा जो निळा बाण आहे तो तुला किती दिवस आधी दिसतो?"

ट्रफ इराणवर असतानाच दिसतो, तीन-चार दिवस आधी. तो दक्षिणेला उतरणार का, याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी येतो. गार नेमकी कोणत्या गावात पडेल हे मात्र ढग डोक्यावर आल्यावरच, रडारवर, तास-दोन तास आधी.

"मग तीन दिवस आधी मला एवढंच सांग की बाण येतोय. प्लास्टिक ओढायचं का, फवारणी आधी उरकायची का, छाटलेल्या प्लॉटला पाणी तोडायचं का, ते मी बघतो. पाऊस किती मिलिमीटर ते नको सांगू."

फोन ठेवल्यावर पानाची मांडणी बदलली. पावसाचा नकाशा खाली, ट्रफ आणि बाण वर, मोठे. मिलिमीटरला अर्थ आहे, पण तो घटना होऊन गेल्यावरचा. आधीच्या तीन दिवसांत हाती असतो तो ट्रफचा उतार आणि बाष्पाचा रस्ता. दादाने दोन वाक्यांत जे मागितलं तेच या प्रकल्पाने द्यायला हवं.

गारेबद्दलही पानावर थोडं लिहिलं. मोसमी पावसात आपल्या डोक्यावर शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरवर असते, हिवाळ्यात ती खाली येते. ट्रफबरोबर वरच्या थरात गार हवा घुसते, खाली समुद्राची उबदार ओली हवा असते. हा फरक वाढला की ढग झपाट्याने उंच चढतात. वर पश्चिमी वारे वेगाने वाहतात, त्यामुळे ढग तिरका होतो, पडणारा पाऊस चढत्या हवेच्या आड येत नाही आणि ढग जास्त वेळ जगतो. गारेला वाढायला तेवढा वेळ पुरतो. खाली वितळायला अंतर कमी, म्हणून ती गार म्हणूनच जमिनीवर येते.

२४ जानेवारी

जानेवारी २०२२ ची दोन पानं झाली.

पहिलं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याचं. पाठोपाठ चक्रावात आले, दिल्लीत त्या महिन्यात ८८.२ मिलिमीटर पाऊस झाला, १९०१ पासूनच्या जानेवारींतला सर्वाधिक. त्याच दिवसांत विदर्भात गारपीट. इथे हिरवे बाण ठळक आहेत, उपसागराचा ओलावा थेट नागपूर-अमरावतीपर्यंत.

दुसरं २२–२३ जानेवारीचं, आणि ते पुण्या-मुंबईतल्या अनेकांना आठवत असेल. चक्रावाताच्या मागच्या अंगाला सुटलेल्या वाऱ्यांनी पाकिस्तानच्या बाजूची धूळ उचलली, कराचीवरून ती अरबी समुद्रावर आली आणि मग गुजरात, मुंबई, पुण्यावर. सकाळी गाड्यांच्या काचांवर पांढरट थर, सूर्य चंद्रासारखा फिकट, दुपारीही गारवा. पाऊस जेमतेम शिंतोड्यांचा. पण त्या धुळीने आपलं आकाश किती दूरच्या वादळाशी जोडलेलं आहे ते सगळ्यांना दाखवलं. पानावर धुळीचा रस्ता तपकिरी रंगाने काढला. पावसाच्या प्रकल्पात तो बसतो का, यावर थोडा विचार केला, बसतो. ट्रफच्या पुढे ओलावा आणि मागे कोरडा वारा, हे एकाच वादळाचे दोन भाग आहेत.

२ फेब्रुवारी

जानेवारीचा हिशेब आला. देशभराची जानेवारीची सरासरी १७.१ मिलिमीटर, यंदा पडले ४.५. १९०१ पासूनचा चौथा सगळ्यात कोरडा जानेवारी.

चक्रावात आले नाहीत असं मात्र नाही. ते येत राहिले. पण बरेचसे कोरडे होते. ट्रफ उथळ, लगबगीने पूर्वेला निघून जाणारे, अरबी समुद्राचं बाष्प खेचण्याइतकं खाली न उतरणारे. या महिन्याच्या नकाशांवर निळे बाण जवळजवळ नाहीतच. वर ढग, खाली कोरडी हवा. म्हणून "या महिन्यात इतके पश्चिमी चक्रावात" एवढी बातमी अपुरी असते. २ डिसेंबरला जे लिहिलं होतं त्याला जानेवारीने चांगला आधार दिला.

१० फेब्रुवारी

फेब्रुवारी-मार्च २०१४. सगळ्यात अवघड पान. ही एक घटना नाही, फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत लागून राहिलेली मालिका आहे. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र, पुन्हा पुन्हा गारा. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, हरभऱ्याचे घाटे फुटले, गव्हाच्या ओंब्या काळ्या पडल्या, द्राक्ष आणि डाळिंब गेलं. जनावरं आणि पाखरंही मेली.

रोजचा नकाशा वेगळा काढून उपयोग नव्हता, म्हणून आठवड्याची सरासरी काढली. त्यात कारण स्पष्ट उभं राहिलं. जेट प्रवाह नेहमीपेक्षा दक्षिणेला सरकून तिथेच बसला होता. एरवी उत्तरेतून निघून जाणारे ट्रफ एकामागून एक थेट मध्य भारतावरून जात होते, आणि दोन्ही समुद्रांकडून येणारा ओलावा तुटत नव्हता. एक ट्रफ गेला की जमीन अजून ओलीच, हवा अजून दमटच, तोवर पुढचा हजर. एका दिवसाच्या गारपिटीतून शेतकरी सावरू शकतो, काही ना काही वाचवतो. इथे वाचवलेलंही चार दिवसांनी झोडपलं गेलं.

या पानासाठी मला मराठवाड्यातल्या लोकांच्या आठवणी हव्या आहेत. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दिशेने ढग आला. जाळीदार संचात पाऊस आहे, गार नाही.

१९ फेब्रुवारी

गुलमर्गला २२ तारखेपासून व्हायच्या हिवाळी खेळांची फेरी पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलली. अनंतनाग जिल्ह्यातल्या अचबलच्या मुघल बागेतला झरा आटला. फेब्रुवारीत. बर्फाच्या वितळण्यावर जगणारा झरा बर्फ साठण्याच्या दिवसांत कोरडा पडलाय. भोवतालची गावं पिण्याच्या पाण्यासाठी त्यावर अवलंबून आहेत. ही बातमी वाचून फार वाईट वाटलं. जानेवारीच्या नकाशावर निळे बाण नसण्याचा अर्थ तिथे हा असतो.

१ मार्च

गेले चार दिवस सगळ्यात जास्त काम झालं, आणि सगळ्यात जड मनाने.

२६ फेब्रुवारीपासून जोरदार चक्रावात. हिवाळाभर न पडलेला बर्फ काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात एकदम कोसळला. कुल्लूत पावसाने नाले फुगले, गाड्या वाहून गेल्या. काल, २८ तारखेला, बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. पन्नासहून जास्त कामगार गाडले गेले. लष्कराचे जवान बर्फ खणून एकेकाला बाहेर काढत आहेत, आत्ता लिहितानाही शोध चालू आहे.

आणि याच आठवड्यात, २५–२६ तारखांना, मुंबईचं तापमान ३८ अंशांवर गेलं. हवामान विभागाने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला, फेब्रुवारीत. देशाचं फेब्रुवारीचं सरासरी तापमान २२.०४ अंश, १९०१ पासूनचं सर्वाधिक.

उपलब्ध नकाशे शेजारी ठेवले. हिमालयावर खोल ट्रफ आणि अरबी समुद्राकडून वर चढणारं भरपूर बाष्प. पण ट्रफचं टोक उत्तरेतच थांबलेलं. महाराष्ट्रावर वरच्या थरात उच्च दाब, हवा खाली बसणारी, आणि जमिनीवर पूर्वेचे कोरडे वारे. ते दुपारपर्यंत समुद्री वाऱ्याला आत येऊ देत नाहीत, म्हणून किनारा तापतो. वर बर्फाखाली माणसं, खाली रणरणतं ऊन, आणि दोन्हींत अंतर ट्रफच्या काही अंशांच्या उताराचं. २७ डिसेंबरच्या पानावर हाच उतार आणखी दक्षिणेला होता आणि खानदेशात पाऊस आला होता. ही दोन पानं शेजारी-शेजारी छापणार.

६ मार्च

माणामध्ये शेवटचा मृतदेह २ तारखेला सापडला. आठ कामगार गेले, ४६ वाचले. पानाच्या तळाशी ही नोंद केली.

त्या चक्रावाताचे ईआरए-५ आकडे आले, पान पूर्ण झालं. उत्तरेतली हंगामाची तूट या एका आठवड्याने काही अंशी भरून निघेल आणि मार्चअखेरच्या तक्त्यात फेब्रुवारी तितका वाईट दिसणार नाही. पण अचबलच्या झऱ्यासाठी हा आकडा फसवा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी, एवढ्या उबेत पडलेला बर्फ जानेवारीच्या बर्फासारखा टिकणार नाही. म्हणून प्रत्येक हंगामाच्या पानावर आता बेरजेऐवजी एक पट्टी ठेवली आहे: डिसेंबर ते मार्च, दिवसावार पाऊस, आणि प्रत्येक वादळावर त्याच्या पानाचा क्रमांक. यंदाच्या पट्टीत उंच उभे दोनच खांब दिसतात, २७ डिसेंबर आणि २६–२८ फेब्रुवारी. मधलं जवळजवळ सपाट.

पुढची कामं. २०१४ च्या पानासाठी मराठवाड्यातून तीन जणांनी आठवणी लिहून पाठवल्या आहेत. एकाने शाळेच्या वहीत त्या काळी रोजची नोंद ठेवली होती, तिचे फोटो मागवले आहेत. तामिळनाडूच्या बाजूची पानं अजून सुरूच केलेली नाहीत. फेंजलचं पान आधी, कारण त्याच्या ओलाव्याने इथली थंडी कशी मोडली हे दाखवायचं आहे. आणि दादाच्या मागणीप्रमाणे एक साधा तक्ता: ट्रफचं टोक कोणत्या अक्षांशावर, निळा बाण आहे का, हिरवा आहे का, गेल्या वेळी असं असताना काय झालं होतं. मार्च-एप्रिलचे चक्रावात अजून यायचे आहेत आणि निफाडला उशिरा छाटलेल्या बागांची काढणी चालू आहे, त्यामुळे तक्ता या आठवड्यातच त्याच्याकडे जायला हवा.